टोपीवाल्याचा खरा शेवट

त्या पुस्तकाला अजून वास येतो. पत्र्याच्या पेटीत वर कडुनिंबाचा पाला, त्याखाली आईचं लुगडं, त्याखाली जमिनीचे जुने कागद आणि सगळ्यांच्या तळाशी ते. गूळ, ओली तंबाखू आणि रॉकेल. परळीच्या ज्या वाण्याच्या रद्दीतून मी ते मागून आणलं, त्याच्या दुकानाचा हा वास. दुकान गेलं, वाणी गेला, तो रस्ताही आता ओळखू येत नाही. वास तेवढा राहिला. पूर्वी तो आला की मला सतरावं वर्ष आठवायचं आणि बरं वाटायचं. आता मी पेटीचं झाकण लावून टाकतो.

इंग्रजी चित्रकथा आहे. जाड, पिवळा पडलेला कागद. छापताना रंग रेषेबाहेर सरकलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या ओठांची लाली गालावर. मुखपृष्ठावर रुंद काठाची टोपी घातलेला माणूस, छातीवर चांदणी, कमरेला पिस्तूल, मागं एक वाळकं झाड आणि झाडाला दोराचा फास. मी तेव्हा अंबाजोगाईला बोर्डिंगात राहून शिकत होतो. आमचं गाव सिरसाळ्यापासून दोन कोसांवर. सुट्टीत गावी आलो की इंग्रजी वाचणारा मी एकटा.

दुपारी जनावरं बारवेवर पाणी पिऊन चिंचेखाली रवंथ करत बसायची. त्यांच्यात आम्हीही. शेणाचा, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा आणि बारवेच्या गार दगडांचा वास एकत्र यायचा. मी चित्रावर बोट ठेवून मराठीत सांगायचो. हा टोपीवाला त्या मुलखाचा फौजदार. गावातलं एक घोडं चोरीला जातं. टोपीवाला एका गरीब माणसाला धरतो, फार चौकशी करत नाही, झाडाला लटकवतो. ते पान आलं की सगळे पुढं सरकायचे.

"थांब बे, पान उलटू नगंस," किसन म्हणायचा. तो माझ्याच वयाचा, पुढं गावचा सरपंच झाला. "जीभ बघ कशी भायेर आलीय. ह्येला म्हनत्यात न्याय. आपले पंच नुस्ते तंबाकू मळत बसत्यात."

त्या पानानंतर अजून अकरा पानं होती. त्यात घोडं आपोआप परत येतं. टोपीवाला चांदणी काढून ठेवतो. चौकात उभा राहून सगळ्या गावाला काहीतरी सांगतो आणि गाव दारं लावून घेतं. मग तो मेलेल्याच्या बायकोच्या रानात जाऊन नांगर धरतो. ती त्याच्या पायाशी थुंकते. शेवटच्या चित्रात त्याची टोपी कुंपणाच्या खांबाला अडकवलेली आहे आणि तो उन्हात उघड्या डोक्यानं चाललाय.

मी सांगायचो, "घोडं सापडलं. मग सरकारनं त्याला जहागीर दिली. हे त्याचं रान, ही त्याची बायको."

"मंग ती थुंकायली कावून?" एकानं विचारलं होतं.

"दृष्ट काढतेय," मी म्हणालो.

आपल्याला तेव्हा इंग्रजी कमी येत होतं, असं मी पुढं आयुष्यभर स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. चौकातल्या चित्रात त्याच्या तोंडापुढच्या फुग्यात पाच-सहाच शब्द आहेत आणि ते मला पहिल्याच दिवशी कळले होते. आपण भलत्याच माणसाला लटकवलं, एवढंच तो म्हणतो. पण फास बघून पोरांचे डोळे चमकायचे आणि मला ते चमकणं हवं होतं.

खांदमळणीचा दिवस म्हणजे पोळ्याचा आदला. तुपात कालवलेल्या हळदीचा वास बैलांच्या खांद्यांवरून उठून घरभर फिरायचा. अंबाडीचे नवे कासरे, गेरू, शिंगांना लावायचं तेल, चुलीवर शिजणारी पुरणाची डाळ. संध्याकाळी दादा, म्हणजे माझे वडील, बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." एवढा कडक माणूस, पण ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज पातळ व्हायचा.

आमचा बैल मानाचा. त्याच्या गळ्यात पणजोबांपासूनची पितळी घुंगरमाळ असायची, चामड्याच्या पट्ट्यावर लिंबाएवढे घुंगरू. वेशीत गावचे सगळे बैल उभे राहायचे आणि त्या माळेचा आवाज आला की मगच हलायचे. बैलांनाही ते ठाऊक होतं. ती माळ चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासायचं काम माझं होतं. म्हणून त्या दुपारी मी माळ घेऊन बारवेवर गेलो.

गायरानाच्या कडेला सिदबा धनगर राहायचा. तो, त्याची बायको, मेंढरांचा कळप आणि एक पांढरी घोडी. त्याची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायची. त्याच्या घोंगडीला लोकरीचा आणि धुराचा वास असायचा. मला तो वास तेव्हा आवडायचा. मी घोडी मागितली.

"न्या धाकटे मालक," सिदबा म्हणाला. "पर पळवू नगा. बुजती ती."

मी तिच्या पाठीवर त्याची घोंगडी टाकली, डोक्याला टॉवेल टोपीसारखा बांधला आणि घासून लखलखीत केलेली माळ तिच्या गळ्यात घातली. मग पळवली. माळेचा असा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. बैल चालतो तेव्हा ती बोलते, घोडी पळते तेव्हा ती ओरडते. त्या आवाजालाच घोडी बुजली असावी. बारवेच्या काठावर ती एकदम थबकली आणि मान खाली घातली. मी काठावर आपटलो. माळ तिच्या कानांवरून सरकून खाली गेली. पाण्यात घुंगरू वाजत नाहीत. एकदा डुब् झालं आणि वर दोन-चार बुडबुडे आले.

बारवेचा तळ गावात कोणी पाहिलेला नव्हता. मी घोडी नेऊन बांधली आणि घरी जाऊन पुरणाची डाळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मानाचा बैल मुका निघाला. वेशीत बैल उभेच राहिले. ढकलले, हाकारले, शेपट्या पिरगाळल्या, तरी पाय उचलेनात. बायका ओवाळायची ताटं धरून ताटकळल्या. दादांच्या चेहऱ्याकडं बघायची कोणाची हिंमत नव्हती. तिथूनच माणसं गावभर शोधायला सुटली आणि सिदबाच्या घोंगडीच्या दशांत, घोडी पळताना तुटून अडकलेला एक घुंगरू घेऊन आली.

खंडोबाच्या देवळापुढं पंच बसले. सिदबा हात जोडून उभा होता.

"घोडी काल धाकटे मालक घेऊन गेलते," तो म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "सांगा की मालक. तुमीच नेलती न्हवं?"

मी म्हणालो, "मी माळ घासून गोठ्यात खुंटीला लावली. घोडीचं मला काही माहीत नाही."

माझा आवाज कापला नाही. ह्या सगळ्यात मला सर्वांत घाण वाटतं ते हेच. आवाज थोडा जरी कापला असता, तरी आज मी स्वतःकडं बघू शकलो असतो.

"टोपीवाल्यानं आत्तापातूर लटकावला असता बे," मागून किसन म्हणाला आणि चिंचेखालची सगळी पोरं हसली. मीही हसलो.

आमच्या गावाचा फास म्हणजे भंडारा. ज्याच्यावर आळ त्यानं आंघोळ करून ओलेत्यानं देवापुढं बेलाचं पान आणि हळद तळहातावर उचलायची आणि शपथ घ्यायची. नऊ दिवसांत त्याचं काही वाईट झालं तर तो खोटा, नाही झालं तर खरा. सिदबानं बारवेत आंघोळ केली. ज्या पाण्याखाली माळ होती, त्याच पाण्यात त्यानं तीन बुड्या मारल्या. पायऱ्यांवर पाणी गाळत देवळात गेला आणि म्हणाला, "मी घेतली आसंल तर माजं वाटुळं हुईल." हळद ओल्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. निकाल लागेपर्यंत त्याची मेंढरं गायरानात येऊ द्यायची नाहीत, असंही पंचांनी ठरवलं.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. माळावरची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली होती. अशा ज्वारीत किराळ असते, विष. जनावरानं ती खाल्ली की घटकेत फुगतं, तोंडाला फेस येतो, पडतं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. सिदबाला तर सर्वांत जास्त माहीत. पण गायरान बंद, मेंढरं चार दिवसांची उपाशी. सहाव्या दिवशी ती त्याच्या हाताला न जुमानता त्या ज्वारीत घुसली.

गाव बघायला गेलं. मीही गेलो. मेंढरं पाय ताणून पडली होती, पोटं नगाऱ्यासारखी झाली होती. सिदबा एकेकाचं तोंड उघडून बोटं घालत होता. "गूळ द्या रं कुनी. ताक-गूळ द्या," तो म्हणत होता. ताक-गूळ वेळेवर पोटात गेलं तर एखादं जनावर वाचतं. आमच्या घरी पोळ्याची अख्खी ढेप उरली होती. कोणी हललं नाही. सगळ्यांनी धोतराचे सोगे नाकाला लावले होते आणि कोणीतरी म्हणालं, "द्येवानं दावलं."

किराळ सगळ्या गावाला माहीत होती. त्या दिवशी मात्र ती एकाही माणसाला आठवली नाही.

निम्मा कळप गेला. सिदबा तीन दिवसांनी गाव सोडून गेला. बायकोला सातवा महिना होता. घोडीवर ती, मागं उरलेली मेंढरं. त्याचं नाव घुंगऱ्या पडलं. आमचं देवस्थान मात्र जागृत ठरलं. पार चकलांब्यापासून लोक आपापली भांडणं घेऊन भंडारा उचलायला येऊ लागले. पुढं मीही पंच झालो. समोरचा माणूस कचरत असला की मी त्याला घुंगऱ्याची गोष्ट सांगायचो. मला ती छान सांगता येते. फुगलेल्या मेंढरांपाशी आलो की आवाज कसा खाली आणायचा, हे मला बरोबर जमतं. लोक पुढं सरकतात. त्यांचे डोळे चमकतात.

यंदा वैशाखात गावानं बारवेतला गाळ काढला. मशीन लावून दोन दिवस पाणी उपसलं. काळ्या गाळाचा असा काही वास सुटला की घरोघर लोकांनी दारं लावली. तिसऱ्या दिवशी माळ निघाली. चामडं कुजून गेलं होतं, घुंगरू हिरवे पडून एकमेकांना चिकटले होते. पोरांनी ते धुतले, देवापुढं मांडले, मोबाइलवर फोटो काढले. मला वाटलं, संपलं, आता कोणीतरी विचारणार.

किसन काठी टेकत पुढं आला. "बगा," तो म्हणाला. "घुंगऱ्यानं भिऊन बारवंत टाकलीती. द्येव काय सोडतो व्हय."

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. घरी येऊन न्हाणीत ओकलो आणि मग ती पेटी उघडली.

सिदबाचा मुलगा म्हाळू सिरसाळ्याच्या बाहेर राहतो, हे मला बरीच वर्षं माहीत होतं. तेव्हा तो आईच्या पोटात होता, आता साठीला टेकलाय. दारात दहा-बारा मेंढरं, तोच लोकरीचा वास. त्यानं आधी पाणी दिलं, मग कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं. तो मेंढराच्या खुरातला काटा काढत होता, तो काढायचा थांबला नाही.

"माज्या बाला पोळ्याची पोळी गिळायची न्हाई," शेवटी तो म्हणाला. "आमाला वाटायचं दाताचं कायतरी दुखनं आसंल." मग म्हणाला, "माज्या पोराची सोयरीक दोनदा मोडली, आप्पा. दोनी टायमाला तुमच्याच गावचा मानूस जाऊन घुंगऱ्याची गोष्ट सांगून आला."

मला काय सुचलं कोण जाणे, मी पिशवीतून ते पुस्तक काढलं. लाज वाटते, पण माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. चिंचेखाली जे उलटं सांगितलं होतं, ते ह्या वेळी सरळ सांगितलं. ती थुंकते ते चित्र म्हाळूनं बराच वेळ बघितलं.

"ह्यो आदी हिच्याकडं गेला का चौकात?"

"चौकात."

"मंग तुमी उलट्या वाटंनं आलात," तो म्हणाला. "माजा बा चोर न्हवता, हे मला ठावंच हाय. मला कशाला सांगायलात? तिकडं सांगा."

पुढच्या सोमवारी देवळापुढं माणसं जमली असताना मी उभा राहिलो आणि सांगितलं. घोडी, टॉवेलची टोपी, बारव, सगळं. कोणी दारं लावली नाहीत, पण लोक हसू दाबत माझ्याकडं बघत राहिले.

"आप्पा, ऊन लागलं तुमाला," किसन म्हणाला. "वय झालं. ह्या वयात मानूस कायबी आपल्या अंगावर घेतो."

एक तरुण मात्र गंभीर होता. "आप्पा, मेंढरं मेली का न्हाई?"

"किराळ लागून मेली. गायरान आपण बंद केलं होतं."

"आन किराळ कुनी लावली?"

मीच तर ही गोष्ट त्याच्या बापाला, त्याच्या आज्याला सांगत आलो. सिदबा खरा ठरला तर भंडारा खोटा ठरतो, आणि भंडाऱ्यावर आता गावाचा पोळा, जत्रा, मान, सगळं उभं आहे. त्यापुढं एका धनगराचं नाव म्हणजे काय.

"लईच वाटत आसंल तर उचला भंडारा," किसन चेष्टेनं म्हणाला. "मंग बगू."

मी बारवेच्या पायऱ्या उतरलो, आंघोळ केली, ओलेत्यानं देवळात गेलो. त्या हळदीवर माझा काडीचा विश्वास नाही. तिची मला किळस आहे. तरी मी ती तळहातावर घेतली, कारण ह्या गावाला दुसरी कुठलीच भाषा कळत नाही, आणि ती त्याला मीच शिकवली आहे. म्हणालो, माळ मी बारवेत पाडली आणि पंचांपुढं मी खोटं बोललो. हे खोटं असेल तर माझं वाटोळं होईल. चेष्टा थांबली. लोक बोटांवर नऊ दिवस मोजू लागले.

तेव्हापासून गाव माझ्यावर डोळा ठेवून आहे. नऊ दिवस मला काही झालं नाही तर मी खरं बोललो, म्हणजे खोटा आणि चोर मीच. काही झालं तर म्हातारा खोटं बोलला, देवानं पुन्हा दाखवलं, आणि घुंगऱ्या होता तिथंच राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांचं शरीर आहे. गुडघे वाजतात, छाती भरते. मी चोर आहे हे पटवून द्यायला मला नऊ दिवस धडधाकट राहायचं आहे. सिदबाला चोर ठरवायला मेंढरं पुरली होती.

किसन दिवसातून तीनदा ओसरीवरून जातो. "कसं वाटायलंय आप्पा? चेहरा उतरलाय." मी म्हणतो, भाकरी पचते. जनावरांच्या जवळ जात नाही, ओल्या फरशीवर पाय ठेवत नाही, सून जिन्याला दोर बांधून गेलीय. काल धुळीनं खोकला लागला. म्हाळूला कुठून कळलं कोण जाणे, आज दुपारी तो एका किटलीत शेळीचं दूध घेऊन आला. गावात पहिल्यांदाच आला. चिंच बघितली, बारव बघितली, देवळात गेला नाही. ओसरीवर बसून त्यानं दुधात हळद टाकली. मी हळदीकडं बघितलं, त्यानंही बघितलं.

"प्या," तो म्हणाला. "आन खोकू नगा. लोक ऐकायलेत."

"मी मेलो तर?"

"तुमी मेलात तर माजा बा चोर ऱ्हायला. मरायचंच आसंल तर परवा मरा."

तो अजून ओसरीवर बसून आहे. घोंगडी अंथरलीय. तिचा वास आत येतो, लोकरीचा आणि धुराचा. त्या वासाला मी नाक दाबणार नाही.

आज आठवा दिवस, तिसरा प्रहर. कागदावर लिहून ठेवतोय, कारण माझ्या देहाचा भरवसा नाही. मला उद्या संध्याकाळपर्यंत काही झालं, तर ते वयानं झालं. हा कागद म्हाळूकडं असेल, तो पारावर वाचावा, आणि वाचताना किराळ आठवावी. पुस्तक समोर उघडं आहे. शेवटचं पान. टोपी खांबाला, माणूस उन्हात.

खोकला घशाशी आलाय. दारात किसनची काठी वाजतेय. मी दुधाचा घोट घेतो, गिळतो आणि ओसरीवर जाऊन ताठ बसतो.